मोगऱ्याची नवी कुंडी

वाशीच्या आठवडी बाजारात लिंबाखाली एक म्हातारा रोपं विकायला बसायचा. दाटलेलं झाड मोठ्या कुंडीत लावूनही द्यायचा. माझ्या मोगऱ्याला तीन वर्षं फूल नव्हतं, म्हणून मी तो रंगाच्या डब्यासकट त्याच्यापुढं नेऊन ठेवला.

त्यानं डबा आडवा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि झाड अलगद बाहेर ओढलं. माती दिसतच नव्हती. मुळांनी डब्याच्या आकाराचं वेटोळं केलं होतं.

"लई दिस एकाच जागी ठिवलंय, साहेब. असं झाड मरत न्हाय, पण फुलत बी न्हाय," म्हणत त्यानं खुरप्यानं मुळं कराकरा कापली. माझ्याच अंगावर काटा आला.

मी हौसेनं आणलेला भलामोठा टब त्यानं बाजूला सारला. "लेकराला बापाचा सदरा घालता व्हय?" म्हणाला आणि डब्याहून चार बोटं मोठी कुंडी निवडली.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं इथंच बसता. एखादा गाळा घ्या की."

"मला कुठं फुलं यायचीत?" तो मिशीत हसला.

मीही हसलो. माझ्या पिशवीत बदली रद्द करण्याचा अर्ज होता, नोकरीतला पाचवा. ओल्या कुंडीनं तो पार भिजला. घरी जाऊन मी तो सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढला.

मोगरा यंदा फुलला. पहिली ओंजळभर फुलं मी मोठ्या साहेबांच्या घरी नेऊन दिली, आणि माझी बदली रद्द झाली.