टॅक्सीने गेलेली नेली

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुडमध्ये थेल्मा ऑर्मरॉड कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक खांदे उडवतील. नेली ग्रिमशॉ कुठे राहते असं विचारा. मासळीबाजारातली मांजरंसुद्धा तुम्हाला आमच्या दारापर्यंत आणून सोडतील. दोघी एकच. थेल्माबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आणि नेली ही त्यांनी टीव्हीवरच्या ‘कॅनल रो’ मालिकेत रंगवलेली लाँड्रीवाली. जिभेची तिखट आणि मनाची त्याहून तिखट.

तरुणपणी थेल्माबाई गावोगावच्या नाटक कंपन्यांतून फिरल्या. मग तीन सिनेमे केले. पहिल्यात त्या नर्स होत्या, दुसऱ्यात मोलकरीण, आणि तिसऱ्यात नुसती पाठ. पाठ फार छान आली होती, असं त्या स्वतःच सांगतात. मग नेली मिळाली आणि त्या घराघरात पोचल्या. ऐन भरात असताना लंडनच्या एका निर्मात्याने मोठ्या सिनेमाचं आमिष दाखवलं. बाईंनी मालिका सोडली आणि सिनेमा अर्ध्यावर बंद पडला. उरलं काय, तर ग्रेव्हीची एक जाहिरात, नाताळातल्या मुलांच्या नाटकांत परीचं काम, आणि वय झाल्यावर परीच्या सासूचं.

पण एक धुगधुगी होती. मालिकेत नेलीला मारलेलं नव्हतं. हिरवा कोट घालून, बॅग घेऊन, टॅक्सीत बसून ती कॅनडाला बहिणीकडे गेली होती. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं, की मालिकेत ज्याला पुरलं तो संपला, टॅक्सीने गेला तो केव्हाही परत येऊ शकतो. तो कोट बाईंनी शेवटच्या दिवशी मागून घेतला होता. दर वसंतात तो ड्रायक्लीनला जायचा. केसही नेलीच्याच वळणाचे ठेवलेले. फोन वाजला की आमच्या छतावर पावलं धावायची. फोन बहुतेक वेळा खिडक्या विकणाऱ्या कंपनीचा असायचा.

गावही आपल्या परीने साथ द्यायचं. ट्रॅमचा कंडक्टर अर्नी रिग्बी रोज विचारायचा, “कुठलं देऊ गं नेली? कॅनडाचं?”

“परतीचं दे. आणि तुझ्या तोंडाला कुलूप लावायचं वेगळं काय पडेल तेही सांग.”

ट्रॅम हसायची. बाईंचं दिवसभराचं बोलणं तेवढंच, असं आमची आई म्हणते.

गेल्या फेब्रुवारीत मालिकेत नेलीच्या मुलाने फोन उचलला, ऐकला, खाली ठेवला आणि म्हणाला, “कॅनडाहून मावशी होती. आई गेली.” मग त्याने चहाचा घोट घेतला आणि ग्रेव्हीची जाहिरात लागली. त्यात आता दुसरीच बाई असते. थेल्माबाईंना कुणी आधी कळवलंही नव्हतं. कळवणारा एजंट केव्हाच निवृत्त होऊन स्पेनच्या उन्हात जाऊन बसला होता. त्या संध्याकाळी छतावर पावलं वाजली नाहीत. नुसता टीव्ही चालू राहिला.

सकाळपासून दारात शोकाची कार्डं येऊन पडायला लागली. नेली गेल्याबद्दल, नेलीच्याच नावाने. आईने मटण-बटाट्याचं पातेलं उचललं. “मयताच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?”

“पण मेलंय कोण?” मी विचारलं.

“तू गप्प बस.”

बोलिंग क्लबने शनिवारी नेलीसाठी चहा आणि हॅमची सँडविचेस ठेवली, दफनाहून आल्यावर ठेवतात तशी. क्लबचा सेक्रेटरी स्टॅन टोपी हातात घेऊन थेल्माबाईंकडे आमंत्रणाला आला.

“तुमच्याइतकं जवळून तिला कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही यायलाच पाहिजे.”

“कोण म्हणून येऊ, स्टॅन?”

स्टॅनने टोपी दोनदा फिरवली. “घरचं माणूस म्हणून.”

त्या आल्या. हिरवा कोट नाही, करडा स्वेटर. लोक किस्से सांगत होते, नेलीने जप्तीवाल्याला ओल्या चादरीने कसं बडवलं होतं वगैरे, आणि हसता हसता डोळे पुसत होते. थेल्माबाई सगळ्यांच्या कपांत चहा ओतत फिरत होत्या. एका म्हातारीने त्यांचा हात धरला. “अगदी तिच्यासारख्या दिसता हो.”

“लोक म्हणतात तसं,” बाई म्हणाल्या. “साखर किती?”

खरी पंचाईत नंतर झाली. नेली मेली, मग या बाईंना हाक काय मारायची? खरं नाव कुणाला आठवेना, आणि इतक्या वर्षांनी विचारायचं कुठल्या तोंडाने? बेकरीत त्या ‘पुढचं गिऱ्हाईक’ झाल्या. अर्नी ‘मॅडम’ म्हणायचा, तिकीट द्यायचा आणि घाईने पुढे सरकायचा. मार्चभर त्यांची कुणी थट्टा केली नाही.

मग एका सकाळी ट्रॅममध्ये मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. अर्नी आला, मान खाली. “कुठलं देऊ, मॅडम?”

“अर्नी, तो भाग बघितलास ना तू?”

“बघितला.”

“प्रेत दाखवलं त्यात?”

अर्नी विचारात पडला. “नाही.”

“शवपेटी?”

“नाही बुवा.”

“नुसता बहिणीचा फोन. आणि ती बहीण पहिल्या भागापासून खोटारडी.”

अर्नीची मान हळूहळू वर आली. “मग... कॅनडाचं देऊ का गं, नेली?”

“परतीचं.”

आख्खी ट्रॅम हसली. त्या हसल्या नाहीत. समुद्राकडे बघत बसल्या. मांडीवर ड्रायक्लीनची पिशवी होती, तिच्यातून हिरवी बाही डोकावत होती.

उतरताना मी म्हटलं, “थेल्माबाई, पिशवी घेऊ का मी?”

त्यांनी वळून पाहिलं नाही. मी दुसऱ्याच कुणाला हाक मारतोय, असं त्यांना वाटलं असावं.