इडोगोनियमची नवी भिंत

लेकी माहेराहून लोणचं-पापड आणतात. अंजनाने बदलापूरच्या तळ्यातलं शेवाळ आणलं, तेही पाणवेलीच्या देठाला चिकटलेलं. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्यावरून तिचं चांगलंच हसं झालं. खरं सांगायचं तर ते हसण्यासारखंच होतं.

अंजना उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नवरा बबन आनंदनगरच्या कारखान्यात होता, आणि घरचा सगळा कारभार सासूच्या, जनाबाईच्या हातात होता. शिकवण्यात अंजनाचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मनात एक सल होता. इडोगोनियम नावाच्या शेवाळाच्या धाग्यात एका पेशीच्या दोन होताना नवी भिंत कशी तयार होते, हे ती दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढायची. पेशीच्या वरच्या टोकाशी, भिंतीच्या आतून, मऊ पदार्थाचं एक कडं तयार होतं. केंद्रकाची दोन होतात, मध्ये पातळ पडदा येतो. मग कड्यापाशी जुनी भिंत गोलाकार फाटते आणि आतलं कडं ताणून लांब होतं. तीच वरच्या पेशीची नवी भिंत.

"वाढत्या पोरीच्या फ्रॉकला आई आतून दुमड ठेवते ना, तसं," ती सांगायची. "पोर वाढली की टाके उसवायचे."

पोरांना ते झटकन कळायचं. पण तिने स्वतः ती दुमड उलगडताना कधीच पाहिली नव्हती. कॉलेजातल्या स्लाइड जुन्या, त्यांतलं शेवाळ कधीच मेलेलं. न पाहिलेलं इतक्या ठसक्यात सांगतो आपण, याची तिला फार लाज वाटायची. म्हणून हा बदलापूरचा उपद्व्याप.

गॅलरीतल्या जुन्या टबात शेवाळ आधी जोमाने वाढलं, मग हटून बसलं. रोज थोडं कॉलेजात न्यावं, सूक्ष्मदर्शकाखाली धरावं, तर पेशी आपल्या जागच्या जागी सुस्त.

अशात धम्मचक्र दिन तोंडावर आला. चाळभर सफेदी, घासपूस सुरू झाली. संध्याकाळी अंजना घरी येते तो काय, टब आरशासारखा लख्ख!

"आत्या, यातलं शेवाळ?"

"घासलं की काथ्यानं," जनाबाई अभिमानाने म्हणाली. "काय वास मारत होता गं! सणाला पाव्हणे येनार, गॅलरीत ही घान? विहिरीचं ताजं पानी भरलंय बघ. ती वेलाची डहाळी तेवढी बरी दिसली, ती ऱ्हाऊ दिली."

अंजनाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सासू घाबरली. "कालेजाचं होतं व्हय? मला मेलीला काय ठाऊक!" त्यावर अंजनाला रागावताही येईना. बबन म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? बदलापूर काय लंकेत आहे? रविवारी परत जाऊ."

सणाच्या गडबडीत रविवार हुकला. सण उरकल्यावर, सकाळच्या प्रॅक्टिकलला काही तरी न्यायचं म्हणून अंजनाने ती डहाळीच पिशवीत घातली. देठावरचे दोन-चार धागे काढून काचेवर ठेवले आणि डोळा लावला.

शिळ्या पाण्यात उपाशी बसलेल्या शेवाळाला ताजं पाणी मानवलं होतं. एका पेशीत कडं स्पष्ट दिसत होतं. बघता बघता जुनी भिंत कड्यापाशी फाटली. आतलं कडं सावकाश ताणत गेलं, पातळ, स्वच्छ भिंत होत गेलं, आणि नवी पेशी वर सरकू लागली. फळ्यावर काढायची तसंच होतं सगळं. फक्त हे हलत होतं, जिवंत होतं. अंजनाला इतका आनंद झाला की काय करावं कळेना.

मागे पोरांची रांग लागली. त्यांत पुढे होती तुळशी, वर्गातली सगळ्यात उतावळी.

"मॅडम, हटो ना! हमको भी देखने दो, प्लीज!"

"थांब गं बाई," डोळा न काढता अंजना म्हणाली. "तू आत्ता आलीस. मी कधीची रांगेत आहे."