अडजेस करा

कर्जत स्टेशनबाहेर कडावच्या लायनीत पदूची रिक्षा उभी असते. मागे चार, पुढे दोन आणि मधे स्वतः पदू, अशी भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. बनवणाऱ्याने ती ड्रायव्हर धरून चौघांसाठी बनवली होती, पण त्या बिचाऱ्याने कडावची लाईन कुठे पाहिली होती! या लायनीत माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीट म्हणतात. "एक सीट कमी हाय, आली की निघालोच," असं पदू म्हणाला की मागच्या तिघांनी ओळखावं, आता आपल्या बरगड्यांची खैर नाही. चौथी सीट आली की पदू आत डोकंसुद्धा न घालता एकच शब्द टाकायचा.

"अडजेस करा."

झालं. त्या शब्दात काय जादू होती कोण जाणे, माणसं मुकाट्याने सरकायची. एकाने मागे टेकायचं, दुसऱ्याने पुढे सरकायचं, पिशव्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या पायांत. कुणी कुरकुरलं तर पदू म्हणायचा, "धा मिंटांचा तर प्रवास हाय, काय जन्म काढायचाय का हितं?" तो प्रवास दहा मिनिटांत कधीच संपत नसे, पण तेवढं अडजेस लोक करून घेत.

हा शब्द आपल्या आज्याच्या तोंडचा आहे, अशी पदूची खात्री होती. कडावच्या शाळेतल्या नम्रता मॅडम रोज त्याच्याच रिक्षातून येत-जात. एकदा कुणाचा तरी डबा कुशीत रुतलेला असताना त्यांनी सांगून पाहिलं, "पदूदादा, मूळ शब्द ॲडजस्ट आहे. इंग्रजी क्रियापद आहे ते."

पदू गाडी चालवता चालवता मागे वळून हसला. "काय सांगता मॅडम! इंग्रज कवा अडजेस झाले वो? ते आले ते आख्खा देश घेऊन बसले. ह्यो आपला शब्द हाय. अडलं की अडजेस. कसं?"

रिक्षाभर हशा पिकला. मॅडमना वाद घालायचा होता, पण त्या जागेत श्वासच पुरता घेता येईना. तरी उतरताना त्या बोलल्याच. "शब्द तुमचाच, कबूल. पण तुम्ही तो फक्त हुकूम सोडायला वापरता. 'मी अडजेस करतो' असं तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

"अर्ध्या ढुंगनावर गाडी चालवतो मी, ते दिसत नाय काय तुमाला?" पदू म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं. रस्त्यावर पदूइतकं अडचणीत बसणारं कुणी नव्हतं, म्हणूनच घरी गेल्यावर त्याला पाय पसरून बसायचा हक्क आहे असं वाटत असावं. घरात एकच खाट, ती त्याची. तिच्यावरचा पंखा त्याचा. रविवारी कोंबडी झाली की तंगडी त्याची. बायको वनिता वीस-बावीस वर्षं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटई टाकून झोपत आली होती. तिची दाढ ठणकली, "भाताची कापनी होऊ दे, तवर अडजेस कर." तिला माहेरी जायचं झालं, "आता गर्दीचे दिवस हायत, अडजेस कर." वनिता एकदा म्हणाली, "तुमची रिक्षा बरी. तिथून निदान कडाव आलं की उतरता येतं." पदूला हा विनोद वाटला. त्याने तो लायनीत सगळ्यांना सांगितला.

त्यांची एकुलती एक लेक अक्षदा. बारावी करून दहिवलीत एका डॉक्टरच्या दवाखान्यात कामाला लागली होती. पेशंटांना नंबराने आत सोडायचं काम. तिथे ती मोठमोठ्या लोकांना "तुमचा नंबर आलेला नाय, बसा," असं ठणकावून सांगायची आणि घरी येऊन आईला त्यांच्या नकला करून दाखवायची. खालापूरकडचं स्थळ आलं. मुलगा साईराज कंपनीत कायम झालेला, घर पक्कं, दारात मोटरसायकल. अट एकच, मुलीने नोकरी सोडायची. बैठकीत अक्षदाचा चेहरा उतरला, तो वनिताने पाहिला. पदूने पाहिला नाही, कारण तो तेव्हा छाती फुगवून व्याह्यांना सांगत होता, "त्याची काळजीच करू नका येसाजीराव. आमची पोरगी कुठं बी अडजेस करून घेईल." दुकानदाराने मालाची हमी द्यावी तशी त्याने हमी दिली, आणि लग्न ठरलं.

वर्षही झालं नव्हतं तोवर अक्षदा न कळवता घरी आली. पदू जेवायला बसला होता. ती दाराला टेकून म्हणाली, "बाबा, ते हात उचलतात."

पदूचा घास हातातच राहिला. त्याला वाईट वाटलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वाटलं. पण पाठोपाठ त्याला लायनीतले सगळे रिक्षावाले दिसले, त्यांचे प्रश्न ऐकू आले आणि आपण बैठकीत काय बोललो तेही आठवलं. त्याने घास गिळला. "नवं नवं असतं तवा होतं असं. जरा अडजेस कर गं."

वनिताने हातातला डाव पातेल्यात आपटला. सकाळी पदूने लेकीला कर्जतच्या एसटी स्टँडवर सोडलं. रिक्षा रिकामी नेणं जिवावर येतं म्हणून वाटेत सीटा घेतल्या, आणि मागे चौथी सीट अक्षदा झाली. तिच्याकडून भाडं घेतलं नाही, हे मात्र त्याने नंतर चारचौघांत सांगितलं.

मग शिमगा होऊन गेला. उन्हं तापायला लागली. एके दुपारी पदू लायनीत रिक्षाला पाठ लावून "कडाव, कडाव" ओरडत होता. मागे एकेक सीट चढत होती. सीटला तोंड असतं हे पदू कधीचाच विसरला होता, तेव्हा त्याने वळून बघण्याचा प्रश्न नव्हता. पुढचे दोघे बसले. मागे तीन बायका झाल्या. एवढ्यात दूधवाला गजा दोन रिकाम्या किटल्या घेऊन घाम पुसत आला. गजा म्हणजे अंगाने दीड सीट.

पदू नेहमीसारखा ओरडला, "अडजेस करा."

आतून आवाज आला, "नाय करनार."

या लायनीत असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बाजूच्या रिक्षावाल्यांनी माना वर केल्या. गजा एक पाय आत टाकून तसाच थांबला.

"कोन हाय रं?" म्हणत पदूने अखेर डोकं आत घातलं. एका कडेला दुपारच्या शाळेला निघालेल्या नम्रता मॅडम होत्या. दुसऱ्या कडेला वाडीवरची बायजा, करवंदं विकून निघालेली, रिकामी टोपली मांडीवर. मधे एक पोरगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पायाशी बॅग. पदू बॅगेकडे बघत राहिला. ती त्यानेच लग्नात घेतली होती.

"मागं तीनच सीटा बसतात, बाबा," अक्षदा म्हणाली. "चौथी मी झाली व्हती मागच्या टायमाला. परत नाय व्हनार."

तिने ओढणी खाली केली. डावा डोळा सुजून मिटल्यासारखा झाला होता आणि गालावर पिवळा-निळा डाग उतरला होता. बायजा "आयाया" म्हणाली आणि सरकायच्या ऐवजी टोपली घट्ट धरून आणखी ऐसपैस बसली. मॅडमनीही आपली पर्स मांडीवरून काढून शेजारी ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या पर्सला जागा मिळाली.

मधे पदू आडवा असल्याने गजाला आतलं काही दिसत नव्हतं. तो ओरडला, "अरं पदू, उनात उभा करतोस व्हय? सांग की त्यांना. अडजेस व्हतंय!"

"नाय व्हत," पदू म्हणाला.

"आं?"

"नाय व्हत म्हनतोय ना! दुसरी रिक्षा बघ."

त्या दिवशी पदूची रिक्षा मागे तिघींनाच घेऊन निघाली. लायनीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पदूने वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आरशात मात्र पाहत होता, आणि खड्डे चुकवत होता. हे खड्डे चुकवताही येतात, हे बायजाला त्या दिवशी कळलं.

घरी वनिताने लेकीचा डोळा पाहिला. तिने खाटेवरची पदूची गोधडी उचलून बाहेर ओटीवर टाकली, अक्षदाला खाटेवर निजवलं, पंखा मोठा केला आणि नवऱ्याकडे बघितलं. पदू बाहेर गेला. ओटीवर गोधडी पसरून बसला. गरमीने जीव नको झाला होता, डास फोडून खात होते, आणि हे सगळं घरातल्या बाईला इतकी वर्षं कसं चाललं हा विचार त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच आला. लाज वाटली. उशिरा वाटली, पण वाटली.

दिवेलागणीला फोन वाजला. व्याही होते. आवाजात भलतीच साखर.

"पदूशेठ, पोरगी तिकडं आली म्हनं. घराघरात चालतंच वो हे. पोराचा हात जरा लवकर उठतो, पन मन मोठं हाय त्याचं. उद्या आनून सोडा. आन तिला जरा समजवा, अडजेस कर म्हनावं."

दारात वनिता येऊन उभी राहिली. आत खाट करकरली.

"येसाजीराव," पदू म्हणाला, "तो शब्द इंग्रजी हाय."

"काय हाय?"

"इंग्रजी. शाळेतल्या मॅडम कवापासनं सांगत व्हत्या, मीच ऐकत नव्हतो. आमच्या घरात इंग्रजी कुनाला येत नाय."