नांदेडपासून धरलेल्या जागा

लातूर-चाकूर अप-डाऊन करणाऱ्यांमध्ये सिंधुताई खानापुरेंइतकं कमी बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. चाकूरच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. नवरा लवकर गेला. मल्लेश एकुलता एक मुलगा, त्याला त्यांनी त्या टेबलावरच्या पगारात इंजिनिअर केलं. पहाटे उठून आंघोळ, लिंगपूजा, डबा, आणि साडेसातला लातूर स्टँडवर हजर. एकतीस वर्षांत त्यांची गाडी चुकली असेल तर दोनदा.

आम्ही चौघी. सिंधुताई, सरकारी दवाखान्यातली सिस्टर पंचशीला, झेडपीच्या शाळेतल्या नीलम्माबाई आणि मी, दामिनी, पंचायत समितीत क्लार्क. आमची मैत्री एसटीच्या बाकड्यावर झाली. गाडी फलाटाला लागायच्या आत सिंधुताई खिडकीतून रुमाल आत टाकायच्या. ज्याचा रुमाल आधी पडला त्याची जागा, हा आमच्याकडचा कायदा आहे. त्यावरून डोकी फुटली असतील, पण कायदा मोडला नाही. चौघींच्या जागा ताईच धरायच्या. मग वाटेतल्या आष्टामोडपर्यंत एकेकीनं घरचं सांगायचं. कुणाची सासू, कुणाचं पोरगं, कुणाचा साहेब. ताईंची पाळी आली की त्या म्हणायच्या, "आमचं काय, चाललंय." आणि आम्हीही खोदून विचारत नव्हतो. खरं सांगायचं तर ऐकणारं एक माणूस आम्हाला फुकटात मिळालं होतं.

गेल्या मे अखेरीला ताई रिटायर झाल्या. मल्लेश नांदेडला रेल्वेत. "एकटी लातुरात राहून काय करतीस," म्हणून तो त्यांना घेऊन गेला. खाडगाव रस्त्यावरच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना इरकल दिलं, फोटो काढले आणि 'अप-डाऊन मंडळ' नावाचा आमचा जो ग्रुप होता त्यावर टाकले.

नांदेडला गेल्यावर हे माणूस बोलायला लागलं! तोंडानं नाही, ग्रुपवर. रोज सकाळी एक लांबच लांब मेसेज. "इथं पाचला जाग येते. पूजा होते. मग नऊपर्यंत काय करावं कळत न्हाई." "सून तीन डबे भरते. मी म्हणलं मला पण भर एक, तर हसली. खरंच भरला. दुपारी गच्चीत बसून खाल्ला." "खालच्या मजल्यावर एक बाई हायत, चांगल्या हायत, पण तेलुगू बोलतात. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून मान हलवतो." "आज रेल्वे स्टेशनला जाऊन बसले तासभर. गाड्या बघितल्या." आणि एकदा नुसतं, "करमत न्हाई गं."

सुरुवातीला आम्ही फुलं पाठवली, हसरे चेहरे पाठवले. पंचशीलानं एकदा फोनही केला. नव्याचे नऊ दिवस. मग नुसता अंगठा. मग मी तर तो ग्रुप गप्प करून ठेवला, कारण सकाळच्या घाईत फोन वाजला की मला राग यायचा. लपवून काय करायचंय?

दिवाळीनंतर आमच्या कचेरीतल्या शिवशंकररावांनी सात सीटची गाडी घेतली. पेट्रोलला हातभार लावायचा आणि ऐटीत जायचं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नव्हती, त्यामुळे आम्ही तिघीही उड्या मारत त्या गाडीत बसलो. गाडीच्या वेळा कळवायला नवा ग्रुप केला. त्यात ताई नव्हत्या. त्या आता कुठं येणार-जाणार होत्या? मुद्दाम वगळलं नव्हतं. पण सांगितलंही नव्हतं कुणीच.

फेब्रुवारीत त्यांचा मेसेज आला. "शुक्रवारी तीनच्या गाडीनं निघते. एक मोठी गोष्ट सांगायची हाय, समोर बसून. तुमची पावणेसहाची गाडी तीच ना? चाकूरला या. जागा मी धरते." आम्ही तिघींनी अंगठा दिला. पंचशीला म्हणते तिनं वाचला होता पण विसरली. नीलम्माबाईंना आठवतच नाही. मी वाचलाच नव्हता. लांब दिसला, अंगठा दिला.

त्या शुक्रवारी आम्ही साडेपाचलाच चाकूर सोडलं. आष्टामोडला चहाला उतरलो. गरम भजी होती. तेवढ्यात नांदेडची गाडी येऊन थांबली, दारात माणसं लोंबकळत होती. मी म्हणाले, "बघा, आपले हाल आठवा." सगळे हसले.

पुढच्या सोमवारी शिवशंकररावांच्या घरी लग्न, गाडी बंद. संध्याकाळी मी पुन्हा एसटीत उभी. कंडक्टर मल्लिनाथ, जुना ओळखीचा. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी कुठं होता? तुमच्या खानापुरेबाई लई वाट बघून राहिल्या होत्या."

मला काही कळेना. मग त्यानंच सगळं सांगितलं.

ताई नांदेडच्या स्टँडवर तासभर आधी येऊन बसल्या होत्या. पुढची-मागची दोन बाकडी त्यांनी धरली. एका जागेवर स्वतः, बाकीच्या तीनवर रुमाल. लोह्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. अहमदपूरला गाडी गच्च भरली आणि भांडणं सुरू झाली. "म्या म्हणलो, बाई, माणूस न्हाई तर सीट कशी ठेवू? तर म्हणल्या, चाकूरला तिघी चढणार हायत, कितीक वर्षं याच गाडीला हायत त्या. एका पोतंवाल्यानं रुमाल उचलला तर त्याचा हातच धरला बाईनी. शिव्या खाल्ल्या, पण हलल्या न्हाईत."

सिंधुताई! ज्यांनी साहेबापुढं कधी आवाज चढवला नाही.

"चाकूरला म्हणल्या, मल्लिनाथ, पाच मिनिटं थांब. दहा थांबलो मी. पॅसेंजर बोंबलायले. मग त्यांनीच रुमाल गोळा केले आन् म्हणल्या, बसू दे ज्याला बसायचं त्याला."

मी दांडा घट्ट धरला. वाटलं, संपलं असेल. पण तो पुढं बोललाच. "आष्टामोडला मला तुम्ही दिसलात की चहाच्या गाड्यापशी. म्या म्हणलो, बाई, त्या बघा तुमच्या मैत्रिणी, उतरता का? त्यांनी बघितलं. लई येळ बघितलं. म्हणल्या, नको, त्यांचं निवांत चाललंय."

गाडीत इतकी गर्दी होती, तरी मला त्या वेळी फार एकटं वाटलं. लाजही वाटली, आणि ती सांगणार तरी कुणाला?

"काय सांगायचं होतं त्यांना?" मी विचारलं.

"शेजारी एक बांगड्यावाली बसली होती, तिला सांगितलं सगळं. म्या ऐकलं तेवढं ऐकलं. पोराची बदली सिकंदराबादला झाली म्हणं. लातूरचं घर विकून टाकलं. शनिवारी सह्या करून रविवारी माघारी. आता इकडं येणं न्हाई म्हणल्या."

घरी पोचल्यावर चप्पल न काढता मी फोन लावला.

"ताई, तुम्ही येऊन गेलात म्हणे."

"हाव."

"मग लातुरात उतरल्यावर फोन तरी करायचा!"

"सांगितलं होतं की गं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुझी शिवानी कशी हाय? क्लास लावला का तिला?"

मी शिवानीचं सांगितलं. क्लासचं, तिच्या चिडचिडीचं, माझ्या गुडघ्याचं, नव्या साहेबाचं. त्या "हाव, हाव" म्हणत राहिल्या, गाडीत म्हणायच्या तसंच. दहा-बारा मिनिटांनी माझं मलाच कळलं की मी परत तेच करतेय.

"ताई, आता तुम्ही बोला," मी म्हणाले. "काय सांगायचं होतं ते सगळं सांगा. बसलेय मी."

 त्यांच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"आता काय सांगू, दामिनी? माझं सांगून झालं. त्या बांगड्यावालीनं लई नीट ऐकून घेतलं."