गुण येईल का, डॉक्टर?

डॉ. माधवरावांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात नारायणगावच्या एका दवाखान्यात झाली. समुपदेशकाच्या नोकरीसाठी मी उत्तरं पाठ करून गेले होते. सर औषधांच्या फ्रीजमध्ये डोकं घालून उभे होते. बाहेर आले ते काकडी घेऊन. "ही तुमची?" एवढाच मुलाखतीचा प्रश्न. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग उद्यापासून या." लशींशेजारी भाजी ठेवणाऱ्यांचा त्यांना इतका उबग आला होता, की माझी तेवढी पात्रता त्यांना पुरली.

त्या काळी जुन्नर-आंबेगावात एचआयव्हीचं नाव काढलं की माणसं खुर्ची मागे सरकवत. सर मात्र रुग्णाच्या डब्यातली भाकरी सगळ्यांदेखत मोडून खात. याला ते 'आरोग्यशिक्षण' म्हणत. त्यात ठेच्याचा वाटा किती होता, हे मी आजवर विचारलेलं नाही.

पुढे काही रुग्णांत एचआयव्हीच्या जोडीला हेपॅटायटिस सी निघू लागला. त्यावर दर आठवड्याला इंजेक्शन, रोज गोळ्या, आणि हे जवळजवळ वर्षभर. टोचलं की हुडहुडी भरायची. "गुण येईल का?" असं कुणी विचारलं की सर विषाणूचा प्रकार, यकृताची अवस्था, उरलेली प्रतिकारशक्ती, सगळं समजावत. माणूस शांतपणे ऐकून पुन्हा विचारी, "म्हंजी येईल का न्हाई?" मग सर सांगत, "तीन महिन्यांनी रक्त तपासू. विषाणू पुरेसा उतरला नसेल तर औषध थांबवू. उगाच हाल कशाला?"

पिंपळवंडीचे जीपचालक किसनराव हे ऐकून धास्तावले. अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना दोन्ही दुखणी लागली होती. दर मंगळवारी इंजेक्शन झालं की हुडहुडी ओसरेपर्यंत सर त्यांच्याजवळ बसून असत.

तीन महिन्यांचा अहवाल आला. विषाणूचा मागमूस नाही! मी पेढ्यांसाठी माणूस धाडलासुद्धा. सर मात्र हिमोग्लोबिनच्या आकड्यावर अडले. "या औषधाने रक्त कमी होतं. यांचं पैलवानासारखं झालंय. हे किसनराव नव्हेत."

नव्हतेच. कानाला मफलर गुंडाळून धाकटे भाऊ बबनराव रक्त देऊन गेले होते, आणि आम्ही कुणीही मफलरच्या आत डोकावलं नव्हतं. अहवालासाठी बाहेर थांबलेल्या दोघा भावांना सरांनी आत बोलावलं.

"तुमी औषध बंद केलं असतं, राव," बबनराव म्हणाले. "आन् रगत काय, एकाच आईचं हाय की आमचं!"

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके ते हसले. "बबनराव, तुम्हाला गुण आलाय, यात शंका नाही. आता यांचं बघू."

किसनराव हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "घरची सोडली तर जवळ कोन बसत न्हाई, डॉक्टर. सुई बंद झाली म्हंजी तुमी बी सुटला."

पेढे आणायला गेलेला माणूस नेमका तेव्हाच परतला. सर म्हणाले, "औषध बंद झालं तरी मी बंद होत नाही. मंगळवारी यायचं. सुई असो वा नसो."

किसनरावांनी स्वतःची बाही वर केली.

खरा अहवाल वाईट निघाला. औषध थांबवावं लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर मात्र पुढच्या मंगळवारी दोन खुर्च्या टाकून बसले होते. एचआयव्हीच्या गोळ्या चालूच राहिल्या. काही वर्षांनी हेपॅटायटिसवरही नव्या गोळ्या निघाल्या आणि त्या मात्र लागू पडल्या. आता किसनरावांना मंगळवारी येण्याचं वैद्यकीय कारण उरलेलं नाही. तरी ते येतात, सरांना बोलू देत नाहीत आणि दोघांचा चहा स्वतःच सांगतात.

सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी तुमच्या शुभेच्छा काय लिहू, असं मी किसनरावांना विचारलं. त्यांनी आधी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "लिवा, डॉक्टरांना लई आविष्य मिळू द्या, तब्येत ठणठणीत ऱ्हाऊ द्या. न्हाईतर मी मंगळवारी जाऊ कुठं?"