उजव्या हाताची जॉयस्टिक

मी कंप्युटरवर गेम खेळते असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममधल्या बायका आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे त्या रंगीत गोळ्या फोडायच्या?" मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, पस्तिशीला टेकले आहे, आणि रविवारी संध्याकाळी लोखंडी राक्षसांशी मारामारी करते. हे पटवून देण्यात मी आता वेळ घालवत नाही. गोळ्या फोडते म्हणून सांगते आणि चहा पिते.

खेळ असा आहे. चार मजली इमारतीएवढं एक यंत्र, त्याला दोन पाय, हातांच्या जागी तोफा, आणि त्याच्या छातीत बसून ते चालवणारे आपण. इंग्रजीत त्याला मेक म्हणतात. मी आणि अण्णा लहानपणी त्याला धूड म्हणायचो, अजूनही तेच म्हणतो. धुडाची गंमत ही की त्याचे पाय एकीकडे चाललेले असतात आणि कमरेपासून वरचं अंग भलतीकडेच वळवता येतं. पळता पळता मागच्यावर तोफ डागता येते. म्हणून ते नीट चालवायचं तर दोन हातांना दोन वेगळी कामं लागतात. एका हातानं पाय सांभाळायचे, दुसऱ्यानं कंबर आणि तोफा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बिदरच्या आमच्या घरात तेव्हा एकच कंप्युटर होता, अप्पांनी कुठून तरी जुना आणलेला. तो कुणी वापरायचा यावरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. एकदा आई कणकेच्या हातानंच बाहेर आली आणि म्हणाली, "दोघं मिळून खेळा, न्हाई तर वायरच काढून चुलीत घालते." आईच्या बोलण्यात फक्त धमकी नसते, हे आम्हाला ठाऊक होतं. मग वाटणी झाली. डावीकडे अण्णा बसायचा, कीबोर्ड त्याचा, म्हणजे पाय त्याचे. उजवीकडे मी, माऊस माझा, म्हणजे तोफा माझ्या. एकाच धुडात आम्ही दोघं. धूड भिंतीवर आपटलं की मी त्याला बोलायची, नेम चुकला की तो मला.

पुढे तो पाटबंधाऱ्याच्या नोकरीत अफजलपूरला गेला, मी बिदरला राहिले. दोघांचे दोन कंप्युटर झाले, दोन धुडं झाली. पण रविवार सुटला नाही. कानाला हेडफोन लावून दोघं आपापल्या घरून एकाच मैदानात उतरायचो. खरं सांगायचं तर आम्ही भाऊबहीण फोनवर अगदीच कोरडे. जेवलीस का, जेवले, आई कशी आहे, बरी आहे, ठेवतो. सगळं बोलणं धुडात बसल्यावर. मला बघायला आलेला मुलगा आवडला नाही हे मी आधी अण्णाला सांगितलं, ते असं: "न्हाई म्हणणार हाय मी त्याला, उजवीकडं बघ, डोंगरामागं एक हाय." अप्पा गेल्यानंतर तो पहिल्यांदा रडला तोही तिथंच. आवाज घोगरा झाला आणि त्याचं धूड बराच वेळ एका जागी उभं राहिलं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, कुणी मारू नये म्हणून.

गेल्या वर्षी जनवाड्याच्या रस्त्यावर मी स्कूटरवरून पडले. शाळेला निघाले होते, समोर म्हैस आली, आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं नाही म्हणून घरी सगळ्यांना बरं वाटलं. पण खांद्यातल्या शिरा ओढल्या गेल्या होत्या. हात जागेवर होता, फक्त माझं ऐकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल, पण वेळ घेईल, आणि किती येईल ते आज सांगता येत नाही. मी डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. पहिल्या दिवशी माझा आठचा आकडा बघून वर्ग हसला, मीही हसले. हसण्याचं मला काही वाटत नाही. राग येतो तो "बिच्चारी" म्हणणाऱ्यांचा. माझ्या नाकावरचा राग हाताबरोबर लुळा पडलेला नाही, हे त्यांना लवकरच कळलं.

पण रविवार गेला. एका हातानं धूड चालवता येत नव्हतं. अण्णाचा फोन यायचा, "हात कसाय?" मी म्हणायची, "हाय तसाच." सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं असायचं, पण फोनवर ते तोंडाबाहेर येत नसे. काही दिवसांनी मी त्याचे फोन उचलणंच कमी केलं. हात गेला तर डाव्या हातानं भागवीन असं मी मनाला सांगितलं होतं. भाऊ जाईल ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती, आणि तीच आता दिसायला लागली होती.

मग मी जिद्दीला पेटले. एका हातानं सगळं करता येईल अशी काहीतरी वस्तू असेलच. आधी बाजारात गेले. दुकानदार बोलका होता. "गेम का रिमोट होना क्या बाजी? ये लेओ, एकदम सॉलिड." तो दोन्ही मुठींत धरायचा कंट्रोलर होता, दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा. मी डाव्या हातात धरून दाखवला, तर अर्धी बटणं हवेत. त्यानं माझ्या ओढणीच्या झोळीतल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आपको दांडी वाला होना. मेरे पास नहीं आता वो, मंगाना पड़ता." बिच्चारी म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याच्याकडून एक माऊस पॅड घेतलं.

दांडीवाला म्हणजे जॉयस्टिक. घरी येऊन मी जगभरच्या लोकांनी लिहिलेलं वाचून काढलं. दांडी पुढे रेटली की काय होतं, मनगटानं पिळली की काय होतं, वेगासाठी वेगळी कळ हवी की दांडीच्या बुडाशीच असलेली चालते. पिळायची दांडी असेल तर धुडाची कंबर मनगटानं वळवता येते, म्हणजे बोटं तोफांना मोकळी राहतात. हे वाचून मला इतका आनंद झाला की सगळ्यांनी वाखाणलेली एक दांडी मी तिथल्या तिथं मागवली.

खोका आला. दांडी देखणी होती, मुठीच्या आकाराची कोरलेली. डाव्या हातात घेतली आणि अंगठा टेकायची जागा करंगळीखाली आली. बटणं सगळी तळव्याकडे. ती उजव्या हाताची होती. इतक्या लोकांनी तिच्याबद्दल इतकं लिहिलं होतं, पण हात कुठला हे लिहावं असं कुणालाच वाटलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणालाच तो प्रश्न कधी पडला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. मी दांडीचा फोटो अण्णाला पाठवला, खाली लिहिलं, "ही दांडी माझ्या दुसऱ्या हातासाठी आहे," आणि फोन बंद करून ठेवला.

शनिवारी दुपारी कलबुर्गीत बस बदलून अण्णा दारात हजर. बॅगेतून त्यानं कपड्यांच्या आधी एक खोका काढला.

"सरळ दांडी हाय. दोन्ही हातांना चालती," तो म्हणाला. "ती उजवी मला दे, परत करून टाकतो."

आम्ही ती जोडली. मी डाव्या हातानं पिळली आणि किती तरी महिन्यांनी धुडाची कंबर माझ्या मनगटाबरोबर वळली. पण दांडी हलकी होती, जोरात पिळली की बुडासकट टेबलावर सरकायची, आणि धरायला दुसरा हात नाही. आईनं हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ओलं फडकं पिळून आणलं आणि दांडीच्या बुडाखाली घातलं. परातीखाली घालतात तसं. दांडी जागची हलेना.

तरी भागलं नाही. वेगाची कळ दांडीच्या बुडाशी होती. चालायचं म्हटलं की दांडी सोडायची, कळ ढकलायची, पुन्हा दांडी धरायची. तेवढ्यात समोरचा येऊन कानफटात मारून जायचा. मी वळायची तेव्हा चालत नव्हते आणि चालायची तेव्हा वळत नव्हते. तीनदा माझं धूड उभ्या उभ्या जळालं. चौथ्यांदा जळालं तेव्हा मी उठले.

"बंद कर," मी म्हणाले. "हे आता आपलं न्हाई राह्यलं."

"बस खाली."

"तू कामून आलास इतक्या लांब? माझी फजिती बघायला?"

अण्णानं कोपऱ्यातला तो दुसरा खोका उघडला, उजवी दांडी काढली आणि माझ्या दांडीशेजारी जोडली. सेटिंगमध्ये जाऊन बराच वेळ खुटखुट केली. मग आपली खुर्ची ओढून डावीकडे बसला.

"पाय माझ्याकडं दे, बारके," तो म्हणाला. "तू तोफ बघ."

मी बसले, पण रागातच. टेबलाच्या मधोमध दोन दांड्या होत्या. एकीवर त्याचा उजवा हात, दुसरीवर माझा डावा. एकमेकांना चिकटून, एकाच माणसाचे असावेत तसे.

सुरुवातीला भिंतीवरच आपटलो. मी ओरडले, "आंधळाच हायस तू!" तो म्हणाला, "तू सांगत न्हाईस तर मला कसं कळणार?" मग मी सांगायला लागले. डावीकडं, थांब, मागं घे, आता पळ. तो पाय टाकायचा, मी मारायची. हळूहळू सांगायची गरजही कमी झाली. त्याच्या मनगटाच्या हालचालीवरूनच मला कळायला लागलं कुठे निघालोय. मागे आई शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "मुडबीच्या शेतात पेरताना असंच असायचं. तुमचे अप्पा तिफण धरायचे, चाड्यावर बी सोडणारी मूठ माझी. तिफण वाकडी न्यायचे हे, अन् बी सांडलं म्हणून बोलणी मला."

"मग तू काय करायचीस?" मी विचारलं.

"मी काय करनार? मूठ आवळायची. मग बसा म्हणायचं रिकामी तिफण वढत."

अण्णा इतका हसला की धूड ओढ्यात गेलं. त्याला बाहेर काढता काढता, पडद्यावरची नजर न हलवता, तो म्हणाला, "मी खेळायचं सोडून दिलतो."

"का रे?"

"तू न्हाईस तर कुनासंगं खेळू?"

मी समोरच्या टेकडीवर उगाचच दोन तोफा डागल्या. मग आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "अण्णा, अंगठा हलायलाय माझा. उजव्याचा. थोडाच."

त्याची दांडी थांबली. "कवापासनं?"

"झाले की लई दिवस."

"अन् सांगितलं कामून न्हाईस?"

"खेळत कुठं होतो आपण?"

मागे शेंगांचा आवाज बंद झाला. आई उठून आली, माझा उजवा हात ओढणीतून तिनंच बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "हलीव बघू," म्हणाली. मी हलवला. तिनं पुन्हा हलवायला लावला. तेवढ्यात आम्हाला कुणीतरी मागून उडवलं, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

रविवारी दुपारच्या बसनं अण्णा गेला. त्याला स्टँडवर सोडून घरी येऊन पाहिलं तर टेबलावर माझी सरळ दांडी तेवढी होती, ओल्या फडक्यावर. उजव्या दांडीचा खोका नव्हता. परत करतो म्हणाला होता, तसा घेऊन गेला असणार. मला वाईट वाटलं. एक दिवस चाललं ते पुष्कळ झालं असं स्वतःला समजावलं, पण समजूत पटली नाही. तो काही दर शनिवारी कलबुर्गीत बस बदलून येणार नव्हता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. "कंप्युटर लाव," अण्णा म्हणाला.

"लावून काय करू? पाय कोण चालवणार?"

"लाव म्हणतो तर." मग त्यानं कुठलं बटण दाबायचं, कशाला हो म्हणायचं ते सांगितलं. एकाच्या कंप्युटरवरचा खेळ दुसऱ्याला त्याच्या घरून चालवता येतो अशी काहीतरी सोय असते, ती त्यानं आठवडाभर शोधली होती.

"पर तू दांडी परत केलीस ना ती?" मी विचारलं.

"कशाला परत करू? तुझा उजवा हात सध्या अफजलपुरात हाय. तुझा तिकडला कामाला लागला की मागून घे."

मी उजवा हात ओढणीतून काढून टेबलावर ठेवला आणि डाव्यानं दांडी धरली. पडद्यावर धूड उभं होतं, मी पायांना हातही लावला नव्हता.

"अण्णा," मी म्हणाले, "डावीकडं."

अफजलपूरचं नेट तसं मंदच. धूड क्षणभर थांबलं, आणि मग डावीकडे वळलं.