गाडीच्या कानावर

आमचे भासरे माझ्याशी कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, उलट त्यांच्याइतकी माझी काळजी माझ्या माहेरीही कोणी केली नसेल. पण बोलणं नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याने भावसुनेशी बोलू नये, अंगाला अंग लागू देऊ नये, ती बसली असेल त्या खाटेवर बसू नये, हा आमच्याकडचा जुना नेम. आता पुष्कळ घरांनी तो सोडून दिला आहे. आमच्या भासऱ्यांनी सोडला नाही, आणि त्यांच्यासमोर मीही डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ दिला नाही. हट्टात आम्ही दोघं एकमेकांना पुरून उरणारे होतो.

मग सांगायचं असेल तर? तर तिसऱ्याला सांगायचं. घरात माणूस असलं तर माणसाला, नसलं तर जे समोर दिसेल त्याला. "मने, आज चहा गोड झाला वाटते," हे मांजरीला. "पंखा लावा म्हणा कोणी," हे कॅलेंडरला. मीही आतून मांजरीलाच उत्तर द्यायची, की साखर रोजच्याएवढीच आहे, जीभ बदलली असेल. माझ्या नवऱ्याला ते लहान्या म्हणत, म्हणून मी लहानी. "लहानीले सांग" हे शब्द मी लग्नानंतर इतके ऐकले, की माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, अशी मला शंका यायची.

घरात येताना ते दारातच खाकरत, म्हणजे मी पदर सावरून बाजूला व्हावं. पुढे आजारपणात त्यांना खरा खोकला लागला, तेव्हा माझी फार धांदल उडायची. खोकला कोणता आणि खाकरणं कोणतं हे कळेना, आणि मी दर वेळी शिवणाच्या मशीनवरून उठून आत पळायची. शेवटी त्यांनीच मांजरीला समज दिली, "मने, मी खोकलून राहिलो. सांग तिले, बस म्हणा."

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, गावी असताना, ताट ठेवताना माझा हात त्यांच्या हाताला लागला. नेमाप्रमाणे दोघांनाही आंघोळ आली. ते तडक विहिरीवर गेले आणि त्या थंडीत डोक्यावर बादली ओतून घेतली. जाताना मात्र चुलीजवळ बसलेल्या लहान्याला सांगून गेले, "तिच्यासाठी पाणी तापव. कडकडीत तापव." त्या दिवशी मी गरम पाण्याने न्हाताना रडले, हे मला नीट आठवतं.

आमगावकडच्या गावात त्यांचं आयुष्य गेलं. बायको लवकर वारली, मूलबाळ झालं नाही, दुसरं लग्न केलं नाही. लहान्याला त्यांनीच वाढवला, शिकवला. धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात दिवसदिवस उभा राहणारा हा माणूस, आणि नशिबाची थट्टा अशी की म्हातारपणी मूत्रपिंडं गेली आणि पाणी मोजून प्यायची वेळ आली. डायलिसिस गोंदियालाच होणार, म्हणून आम्ही त्यांना गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला आमच्या घरी आणलं. डायलिसिसला ते धुणं म्हणत. "आज धुणं आहे म्हणा," असं सकाळीच कॅलेंडरला सांगायचे. तहान फार लागली की ओठांवर ओला रुमाल फिरवायचे आणि खिडकीतून बाहेर पाहत बसायचे.

नवरा शिक्षक, ह्यांची शाळा देवरीकडे. सकाळीच मोटारसायकल घेऊन निघायचे. त्यामुळे धुण्याला नेणं-आणणं माझ्याकडे होतं. जुनी फोर व्हीलर होती तोवर काही अडचण नव्हती. मी चालवायची, भासरे मागच्या सीटवर पार कोपऱ्यात, आणि मध्ये मौन. पण ती फोर व्हीलर रस्त्यात बंद पडायला लागली. एकदा तर दवाखान्यातून परतताना भर उन्हात बंद पडली. मग आम्ही ती काढून टाकली आणि नवी बुक केली. शोरूमवाल्याने दसऱ्याचा वायदा केला. दसरा गेला. मग म्हणे धनत्रयोदशीला नक्की. रोज फोन लावला की एकच उत्तर, "भाभीजी, गाडी निकल गई है, बस रास्ते में है." हे ऐकून भासरे मांजरीला म्हणाले, "कायच्या रस्त्यानं येऊन राहिली थे? पायदल येते का?"

सुरुवातीला ओळखीचा ऑटो होता. पण धानकापणी लागली आणि ऑटोवाला गावी निघून गेला. त्यात आमच्या गल्लीत नालीसाठी खोदून ठेवलेलं. दारापर्यंत दोन चाकांशिवाय काही येईना. नाक्यापर्यंत चालत जाऊन दुसरा ऑटो धरावा, तर धुण्यानंतर त्यांच्या पायात उभं राहण्याइतकंही बळ नसायचं. उरली माझी स्कुटी. पण स्कुटीवर भासरा भावसुनेच्या मागे बसणार कसा? त्यांनी लहान्याला निरोप दिला, "फोर व्हीलर आली की जाऊ. एखादं धुणं राहिलं तर काय मरते का माणूस?"

राहिलं एक. तेवढ्यातच पाय सुजून खांबासारखे झाले, छाती भरून आली, झोपता येईना. रात्रभर उशीला टेकून बसले. सकाळी डॉक्टरांनी फोनवर ह्यांना सरळ सांगितलं, आता एकही चुकवायचं नाही, चुकवलं तर माझ्याकडे आणू नका. ह्यांना त्या दिवशी रजा मिळाली, त्यांनी नेऊन आणलं. पण रोज रजा कुठून मिळणार? आणि नवी फोर व्हीलर रस्त्यातच होती. मला तेव्हा फार भीती वाटली. एका जुन्या नेमापायी हा माणूस डोळ्यांदेखत जाईल, आणि नेम माझ्यामुळे पाळायचा म्हणून जाईल, ही ती भीती होती.

पुढच्या पाळीला मी स्कुटी दारात आणून सुरू केली आणि मांजरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "मने, कोणी बसणार नसेल तर मीही अशीच उभी राहते. पेट्रोल संपेपर्यंत." स्कुटी बराच वेळ धडधडत राहिली. मग आतून खाकरणं आलं. भासरे कापडी पिशवीत चादर कोंबून बाहेर आले, ती पिशवी सीटवर मध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून उलटे बसले. तोंड मागे, हात मागच्या लोखंडी दांडीला. कुडव्याच्या नाक्यावर लोक थांबून पाहायला लागले. एका भल्या माणसाने ओरडून सांगितलं, "अरे चाचा, उलटा बैठे हो." भासरे त्याला शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

येताना मात्र उलटं बसण्याची ताकद राहिली नव्हती. सुलटे बसले, मध्ये पिशवी. मी हळू चालवत होते. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "गाडी, समोर खड्डा आहे बरं." मी आधी चमकले. मग कळलं. रस्त्यावर मांजर नव्हती, कॅलेंडर नव्हतं, तिसरं कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी गाडीलाच तिसरं केलं होतं. आमच्याकडे गाडी म्हणजे दुचाकीच. मीही म्हटलं, "गाडी म्हणते, दिसला."

तेव्हापासून आम्ही बोलायला लागलो. म्हणजे ते गाडीशी बोलायचे आणि मी गाडीच्या वतीने. धुण्याला जाताना ते गप्प असायचे, पण येताना अंगातला भार उतरलेला असायचा आणि जीभ सैल सुटायची. कोणत्या बांधीत कोणतं धान चांगलं पिकायचं, लहान्या लहानपणी किती रडका होता, बायकोच्या हातच्या घावनांना कशी जाळी पडायची, हे सारं गाडीला सांगून व्हायचं. बायकोबद्दल मी त्यांच्या तोंडून त्याआधी एक शब्द ऐकला नव्हता. "गाडी, थे गेली तवा मी तिच्यापाशी नव्हतो. बांधीत रोवणी चालू होती. निरोप आला तवा पाय चिखलातून निघेना." मी गाडीच्या वतीने हॉर्न उगाच वाजवला.

एकदा रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपत नव्हती. भासरे म्हणाले, "गाडी, तुले एक गोष्ट सांगतो. लहान्या या पोरीले नाही म्हणत होता. सावळी आहे म्हणे. मी पाहून आलो होतो ना आमगावच्या बाजारात. बाप ओझं घेऊन ऑटोची वाट पाहून राहिला होता, अना पोरगी पोतं सायकलवर बांधून निघून बी गेली. मी लहान्याले म्हटलं, हेच पोरगी पाहिजे. हे कोणाची वाट पाहत बसणार नाही." फाटक उघडलं, मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि मला गाडी सुरू करता येईना. इतकी वर्षं मी समजत होते, मला ह्यांनी पसंत केलं. नवऱ्याने तसं सांगितलंही होतं, लबाडाने. घरी आल्यावर मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि कारणही सांगितलं नाही.

त्या दिवसांत शोरूमला फोन करायचा मी विसरायला लागले. ह्यांनी विचारलं की सांगायची, रस्त्यात आहे म्हणतात.

दिवाळी उलटली, मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, गावोगावी रात्री दंडारीचे खेळ रंगायला लागले, आणि एके सकाळी फोन आला की फोर व्हीलर आली. नाली तोवर बुजवून झाली होती. ह्यांनी हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, शेजाऱ्यांना पेढे वाटले. भासऱ्यांनी दुरूनच पाहिलं आणि लहान्याला म्हणाले, "चांगली आहे. रंग चांगला आहे." धुण्याच्या दिवशी मी पुढे बसले, ते मागे कोपऱ्यात. काचा बंद, थंडगार हवा, धक्का नाही, धूळ नाही. आणि बोलणं नाही. मी वाट पाहिली. फाटकापाशी थांबल्यावर मीच धीर करून म्हटलं, "फोर व्हीलर म्हणते, आज बाहेर फार ऊन आहे." आरशात पाहिलं तर ते खिडकीबाहेर पाहत होते. ऐकलं होतं त्यांनी, मला माहीत आहे. पण आता अडचण नव्हती ना. अडचण होती तोवर नेमाला वळण देता येत होतं, सोय झाली आणि नेम जागेवर आला. सगळा हिवाळा आम्ही त्या फोर व्हीलरमधून असेच गेलो आणि आलो. लोक म्हणायचे, किती छान झालं, आता म्हाताऱ्याचे हाल नाहीत. मला त्या फोर व्हीलरचा राग यायचा. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मला वाटतं, त्यांनाही काही कमी पडत होतं. मांजरीशीसुद्धा ते कमी बोलायला लागले. जेवण सुटत गेलं. फेब्रुवारीत एका धुण्यातच रक्तदाब पार खाली गेला आणि त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, आता यंत्रावर घेता येणार नाही. म्हणजे काय ते आम्हाला कळलं. बहुतेक त्यांनाही कळलं.

दुपारची वेळ होती. हे खाली औषध आणायला गेले होते. मी नेहमीप्रमाणे दाराजवळ भिंतीला टेकून उभी होते, पदर डोक्यावर. स्टूल शेजारच्या खाटेवाल्यांनी नेलं होतं. भासऱ्यांनी डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं. मला त्यांची सवय पाठ होती. ते तिसरं कोणीतरी शोधत होते. भिंतीकडे पाहिलं, सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं, बंद टीव्हीकडे पाहिलं. मग मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"लहाने," ते म्हणाले, "उभी काऊन आहेस वं? बस."

आणि त्यांनी पाय ओढून घेतले. अंगात पाणी भरलेलं, पाय जड झालेले, त्यांना ते सोपं नव्हतं. थोडे थोडे करून पलीकडे नेले आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली.

मी बसले. मी म्हटलं, "बसले." ते म्हणाले, "थकली तू." मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. हे औषध घेऊन आले आणि दारातच थबकले. आपला भाऊ आणि आपली बायको एका खाटेवर बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते आत आले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. भासरे त्यानंतर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

आम्ही त्यांना गावी नेलं. अंगणात बायका जमल्या होत्या. नात्यातल्या एका म्हाताऱ्या नणंदेने माझ्या दंडाला धरून मला मागे घेतलं, "तू भावसून आहेस बाई, तू दुरूनच पाया पड." मी वाद घातला नाही. दुरूनच पडले. सगळ्या बायका मोठ्याने रडत होत्या, भाऊ, काका, मामा, ज्याच्या त्याच्या नात्याने हाक मारून रडत होत्या. मला हाकच नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती, त्यामुळे काय म्हणून रडायचं ते मला कळेना, आणि मी पदर तोंडात धरून नुसती उभी राहिले.